परंपरा आणि आधुनिकता : आपले साहित्य, आपले गाणे, आपला चित्रपट

(वर्षावास व्याख्यानमालेत मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मंडळाने आम्हांला विषय दिला तो 'परंपरा आणि आधुनिकता' हा. आम्ही कला शाखेचे पदवीधर असलो तरी निम्मे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले. प्राध्यापक मंडळी ज्या अधिकाराने या विषयावर बोलतात तो अधिकार आमच्याकडे नाही. आमच्याकडे आहे ती कारकुनाची सवय. नव्या वर्षाची खातेवही उघडली की पहिल्याच ओळीत मागील बाकी पुढे ओढावी लागते, आणि ओढण्यापूर्वी ती तपासून घ्यावी लागते. चुकीची बाकी पुढे ओढली तर वही कितीही कोरी करकरीत असो, वर्षभर हिशेब चुकत राहतो. उलट बाकी ओढलीच नाही, तर आपली जमा असलेली रक्कमसुद्धा आपली म्हणून सांगता येत नाही. परंपरेचा विचार आम्ही याच सवयीने करणार आहोत, तो आपण गोड मानून घ्यावा.

हा विषय इतर समाजांना जितका सोपा तितका आपल्याला सोपा नाही. इतरांच्या घरी परंपरा म्हटले की आजोबांची पगडी, देवघर, घराण्याचे गाणे आठवते. आपल्या वाडवडिलांना परंपरा म्हटले की येसकराची काठी आठवे, गावकीची भाकर आठवे, मेलेले ढोर आठवे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली, तेव्हा आपण एक जुनी वही कायमची बंद केली. ती बंद करणे योग्यच होते. पण त्या वहीबरोबर आणखी काही वस्तू घराबाहेर गेल्या. गावोगावच्या महारवाड्यांत हलगी आणि डफडे खाली ठेवले गेले, वरातीपुढचे वाजप बंद झाले. तमाशाच्या फडात उभे राहणे बंद झाले. हे वाजप केवळ कला नव्हती, ते गावकीचे बांधील काम होते आणि त्याचा मोबदला उष्ट्या भाकरीत मिळत होता. म्हणून ते सोडणे हा स्वाभिमानाचा निर्णय होता. प्रश्न उरतो तो असा की, हातातले काम सोडले म्हणजे हातातली कलासुद्धा सोडायची काय?

याचे उत्तर पुस्तकात शोधण्याआधी आपण आपल्याच परिसरात शोधू.

आपली सांगली नाट्यपंढरी म्हणून ओळखली जाते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला. तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट पडद्यावर आणला. दोघांचेही कर्तृत्व मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रंगमंच नवा होता, कॅमेरा तर परदेशातून आणलेला अगदी नवा होता, कथा मात्र पुराणातली होती. यंत्र नवे आले म्हणजे विचार नवा येतो असे नाही. आजच्या काळातही हातात महागडा मोबाईल आणि डोक्यात पोटजात असलेली माणसे आपण पाहतोच.

आता याच्या उलट उदाहरण पाहा, तेही आपल्या शेजारचेच. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर प्रसिद्ध आहेत. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या आणि हत्यारे घडवणाऱ्या कारागिरांची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल आल्यावर हत्यारांचा धंदा बसला आणि मिरजेच्या फरीदसाहेब यांच्यासारख्या कारागिरांनी तेच हात भोपळ्याकडे, लाकडाकडे आणि तारेकडे वळवले. तीच नजर, तोच बारीक हात. फक्त त्या हातातून निघणारी वस्तू बदलली. पूर्वी तिने माणूस कापला जाई, आता तिच्यावर स्वर लागतो. आम्हांला वाटते, परंपरा बदलणे म्हणजे काय याचा यापेक्षा चांगला धडा शोधायला आपल्याला लांब जायला नको.

तमाशाकडे वळू. माधवनगरहून तासगावच्या रस्त्याला लागले की बुधगाव आणि पुढे कवलापूर येते. कवलापूरचा तमाशा एके काळी साऱ्या महाराष्ट्रात गाजला. तिथले लहू आणि अंकुश खाडे हे जुळे बंधू 'काळू-बाळू' या नावानेच लोकांना ठाऊक झाले. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. ब्राह्मण घरात जन्मून त्यांनी तमाशाचा फड जवळ केला, अफाट रचना केली आणि १९४५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या फडाची शान होती पवळा. ती संगमनेर भागातील हिवरगाव पावसा येथील महार घरातली मुलगी. बापूरावांची लेखणी आणि पवळाचा आवाज व अदा, या दोन्हींमुळे तो फड उभा होता. पण इतिहासात शाहिराचे नाव जसे मोठ्या अक्षरांत लिहिले गेले तसे पवळाचे लिहिले गेले नाही.

याच संदर्भात एक प्रसंग चळवळीच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांच्या उत्पन्नातून चळवळीला मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती घेतली नाही. आपल्या समाजातील स्त्रिया नाचवून आलेला पैसा चळवळीला नको, असे त्यांचे म्हणणे होते. पैशाची चणचण नेहमीचीच असताना दिलेला हा नकार आहे. बँकेत काम करणाऱ्या माणसाला त्याचे वजन चटकन कळते. रक्कम किती आहे एवढेच पाहायचे नसते, ती कुठून आली हेही पाहायचे असते.

पण बाबासाहेबांच्या अनुयायांनी तमाशाचे सारेच फेकून दिले काय? नाही. इथे आंबेडकरी जलसा उभा राहतो. त्याआधी महात्मा फुल्यांच्या विचाराने सत्यशोधक जलसे निघाले होते. आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यात, ज्यात त्या काळी आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग होता, ते गावोगाव फिरले होते. १९३० च्या आसपास नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे सुरू केले. त्याची हकिकत कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या १९७८ च्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. मंडळाच्या ग्रंथालयात हे पुस्तक असलेच पाहिजे.

जलशाने तमाशाचा घाट घेतला. ढोलकी, तुणतुणे, झिलकऱ्यांची साथ, सवाल-जवाब आणि सोंगाड्या हे सारे घेतले. पण गणात गणपतीला वंदन होते ते काढले आणि तिथे समाजाला, ज्ञानाला, पुढे बाबासाहेबांना वंदन आले. गौळणीतला शृंगार गेला. बाई नाचवायची नाही हा दंडक झाला. सोंगाड्या पूर्वी शेंगा-दाण्याच्या विनोदावर हसवत असे, तो आता सनातन्याला कोड्यात टाकू लागला. मुलाला शाळेत का घालायचे, दारू का सोडायची, मेलेले ढोर का ओढायचे नाही, हे रात्रीच्या खेळात दिवट्यांच्या उजेडात लोकांना पटू लागले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत चळवळ पोहोचली ती कानावाटे. वृत्तपत्र त्यांच्या घरी येत नव्हते, जलसा येत होता.

आमच्या मते जलशाने दोन प्रश्न विचारून परंपरेची तपासणी केली. ही कला कुणाला वंदन करते? आणि ही कला कुणाच्या मानेवर उभी आहे? या दोन प्रश्नांत जे नापास झाले ते काढून टाकले आणि जे उरले ते डोक्यावर घेतले. आजच्या भाषणाचा सारा मथितार्थ आम्ही या दोन प्रश्नांतच सांगू इच्छितो.

कुणी म्हणेल, सवाल-जवाब ही तर तमाशाचीच देणगी, ती बुद्ध परंपरेत कशी बसणार? विद्यार्थ्यांनी 'थेरीगाथा' वाचावी. पाली साहित्यातील हा थेरींच्या, म्हणजे भिक्खुणींच्या गाथांचा संग्रह आहे. त्यात पुण्णा नावाच्या थेरीची गाथा आहे. ती आधी पाणी भरणारी दासी होती. कडाक्याच्या थंडीत नदीवर पाप धुण्यासाठी बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, स्नानाने मुक्ती मिळत असेल तर पाण्यातले बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जातील, नाही काय? जलशातला सोंगाड्या भटजीला नेमके असेच अडवतो. आम्ही असे म्हणत नाही की जलसेवाल्यांनी पाली ग्रंथ वाचून ही रीत उचलली. पण तर्काने, हसतखेळत आणि खालच्या पायरीवरच्या माणसाच्या तोंडून मोठेपणाला प्रश्न विचारण्याची रीत या देशात फार जुनी आहे. ही मागील बाकी आपल्या खात्यावर जमा आहे, आणि ती पुढे ओढण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आता साहित्य. वाळवा तालुक्यातल्याच वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, जन्म १ ऑगस्ट १९२०, मृत्यू १८ जुलै १९६९. शाळा जवळजवळ नाहीच. घराण्यात तमाशाचे वातावरण. मुंबईच्या कामगार वस्तीत गेल्यावर १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. तमाशाला लोकनाट्याचे रूप देताना त्यांनीही गण-गौळणीची जुनी चाकोरी मोडली आणि त्या जागी मायभूमीला व श्रमाला मान दिला. १९५९ ची त्यांची 'फकिरा' कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिचा घाट पोवाड्यासारखा आहे, जोगणीसाठी बाप कसा धारातीर्थी पडला आणि मुलगा कसा उभा राहिला हे ती वीरगाथेच्या थाटात सांगते. पण पोवाड्याचा नायक पूर्वी सरदार असे, इथे तो मांगवाड्यातला आहे. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही अण्णाभाऊंनीच केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असा विचार त्यांनी तिथे मांडला. पाहा, पुराणातले चित्र घेतले, पण भार कुणी उचलला आहे ते नाव बदलले.

आटपाडीचे शंकरराव खरात यांचे उदाहरण तितकेच बोलके आहे. त्यांचे वडील गावकीचे तराळ. स्वतः शंकरराव वकील झाले, 'प्रबुद्ध भारत'चे संपादक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९८१ साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी 'तराळ-अंतराळ' असे नाव दिले. तराळ हा शब्द ते लपवू शकले असते. त्यांनी तो मुखपृष्ठावर लिहिला. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटणला बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळता सांभाळता घरच्यांच्या नकळत लिहीत राहिल्या आणि १९८६ साली त्यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. आत्मचरित्र हा लेखनप्रकार आधुनिक, पण बेबीताईंची भाषा जात्यावर बसलेल्या आजीची आहे. महारवाड्यातल्या बाईचे दुःख, तिच्या अंगात येणारे दैवत, सासुरवास, सारे त्यांनी त्याच भाषेत सांगितले आणि सांगता सांगता त्याची चिकित्साही केली.

इथे आम्ही आपल्याला थोडे दूर, जपानला नेणार आहोत. आपल्यातील पुष्कळांच्या मनात जपान म्हणजे बौद्ध देश आणि यंत्रांचा देश, परंपरा आणि आधुनिकता दोन्ही साधलेला देश, अशी समजूत असते. ती निम्मी खरी आहे. जपानमध्येही चामड्याचे आणि मृत जनावरांचे काम करणारा, वस्तीबाहेर राहणारा समाज होता. आज त्यांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ साली कायद्याने त्यांची अस्पृश्यता रद्द झाली, तरी लग्न आणि नोकरीत भेदभाव चालू राहिला. इतकेच नव्हे, काही बौद्ध मंदिरांनी या लोकांना मृत्यूनंतर द्यायच्या नावांतसुद्धा हीन अक्षरे घातली होती. म्हणजे बौद्ध म्हणवून घेतल्याने जात आपोआप जात नाही. हा धडा आपण कडू औषधासारखा घेतला पाहिजे.

शिमाझाकी तोसोन या लेखकाची १९०६ सालची 'हाकाई' ही कादंबरी आधुनिक जपानी साहित्याच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांपैकी एक. तिचा नायक शाळामास्तर आहे. कुळ कुणाला सांगू नको, अशी बापाची आज्ञा. ती पाळता पाळता तो आतून पोखरला जातो आणि अखेर विद्यार्थ्यांसमोर आपले कुळ सांगून टाकतो. १९४८ आणि १९६२ साली तिच्यावर चित्रपट निघाले. आता बाबूराव बागुल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आठवा. त्याच नावाचा संग्रह १९६३ चा. परगावी रेल्वेच्या नोकरीवर गेलेला तरुण जात लपवतो आणि उघडकीस आल्यावर मार खातो. हजारो मैलांवरच्या दोन देशांत, पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने, दोन लेखकांना एकच गोष्ट लिहावी लागली. दोन्ही नायक आधुनिक आहेत. एक शाळेत शिकवतो, दुसरा रेल्वेत आहे. शाळा आणि रेल्वे आधुनिक झाली, शेजारी मात्र झाला नाही.

संगीताचेही असेच आहे. तोरु ताकेमित्सु हे जपानचे मोठे आधुनिक संगीतकार. १९३० चा जन्म. युद्धाच्या काळात देशी संगीताचा जो लष्करी उदोउदो झाला त्याच्या आठवणीमुळे तरुणपणी त्यांना जपानी वाद्ये नकोशी झाली होती. पुढे त्यांचे मन वळले. १९६७ साली न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदासाठी त्यांनी 'नोव्हेंबर स्टेप्स' ही रचना केली आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर बिवा हे तंतुवाद्य आणि शाकुहाची ही बांबूची बासरी बसवली. एके काळी बिवा अंध भिक्खू वाजवीत आणि शाकुहाची झेन पंथाचे भटके साधू वाजवीत. ताकेमित्सुंनी दोन्हींची भेसळ केली नाही, दोघांना समोरासमोर उभे केले. कटू आठवणीमुळे दूर सारलेले वाद्य आठवण पचल्यावर नव्या कामासाठी पुन्हा हाती घेता येते, हे आपण त्यांच्याकडून शिकावे.

याहून जवळचे उदाहरण ओसाका शहरातील नानिवा वस्तीचे. तिथले बुराकु कारागीर पिढ्यान् पिढ्या मोठे ढोल बनवीत. चामडे कमावणारे हात अपवित्र आणि त्याच चामड्याचा ढोल देवळात पवित्र, असा तिथलाही न्याय. १९८७ साली त्या वस्तीतल्या तरुणांनी स्वतःचे ढोलपथक काढले आणि त्याला नाव दिले 'इकारी', म्हणजे संताप. बाप-आजे ढोल घडवीत आले, नातवांनी तो वाजवला आणि वाजवताना तो कुणी घडवला हे सांगितले. आपल्या हलगीची आठवण इथे कुणाला झाली नसेल तरच नवल.

चित्रपटाबद्दल थोडक्यात सांगतो. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि तमाशापटांची लाट आली. पडद्याने लावणीला घराघरांत नेले, परंतु ज्या वस्त्यांतून ती लावणी आली त्या वस्त्यांतील बाईला त्याने प्रतिष्ठा दिली असे म्हणता येत नाही. अण्णाभाऊंच्या 'वैजयंता' कादंबरीवर १९६१ साली आणि 'फकिरा'वर १९६३ साली चित्रपट निघाले. वैजयंता ही तमाशातली स्वाभिमानी मुलगी आहे, म्हणून ते चित्रपट वेगळे ठरतात. तमाशातल्या दलित स्त्रीचा अभ्यास आज जगाच्या पातळीवर होतो आहे. पुण्याच्या येरवड्यातून आलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी यावर ग्रंथ लिहिला आणि २०२४ साली त्यांना अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पवळाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिण्याचे काम असे उशिरा का होईना सुरू झाले आहे.

करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली चित्रपटगृहांत लागला. त्यातले एक दृश्य आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे असेल. मारलेले डुक्कर काठीला बांधून घरची माणसे शाळेच्या भिंतीजवळून जातात आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई आणि शाहू महाराज यांची चित्रे आहेत. तिथे संवाद नाही, भाषण नाही. फोटो भिंतीवर लावले पण भिंतीपलीकडे काय चालले आहे, एवढेच तो कॅमेरा विचारतो. फाळक्यांच्या काळी यंत्र नवे आणि कथा जुनी होती. इथे यंत्राला प्रथमच आपला प्रश्न विचारता आला. २०१६ च्या 'सैराट'मध्ये खेड्यातल्या वरातीचा ठेका आणि हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आले. त्या ठेक्यावर सारा महाराष्ट्र नाचला. चित्रपटाचा शेवट ज्यावर बोट ठेवतो त्या जातीच्या खुनावर मात्र तितके बोलणे झाले नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' चित्रपटाला २०१४ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचा नायक आंबेडकरी लोकशाहीर आहे, आणि ती भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. ते २०२१ साली आपल्यातून गेले. चित्रपटातील गाण्यांमागे शाहीर संभाजी भगत आहेत. म्हणजे जलशाची ती बाकी अशी पुढे ओढली गेली आहे.

आता आपल्या घरच्या हिशेबाकडे येतो. जयंतीच्या तयारीच्या एका बैठकीत एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "तुमच्या पेटी-तबल्याच्या गाण्यांना आता कोण थांबतं? डीजे लावला की हजार पोरं गोळा होतात." त्यावर कोपऱ्यात बसलेले एक वयस्क गायक एवढेच म्हणाले, "बाबा, माझं गाण्यांचं बाड सुनेनं रद्दीत घातलं. चाळीस वर्षांचं होतं." बैठकीत कुणी काही बोलले नाही. विषय पुढे गेला आणि वर्गणीचा आकडा ठरला.

मित्रहो, आम्ही त्या तरुणाला दोष देत नाही. मोठा आवाज हवासा वाटणे हे वयाचे लक्षण आहे, आणि शतकानुशतके ज्यांनी आवाज खाली ठेवला त्यांच्या नातवांना तो चढवावासा वाटला तर त्यात नवल नाही. आपले दोन प्रश्न डीजेलाही विचारू या. तो कुणाला वंदन करतो? गाण्यात नाव बाबासाहेबांचे असते, पण शब्द ऐकू येतात काय? तो कुणाच्या मानेवर उभा आहे? वर्गणीतले किती रुपये एका रात्रीत भिंती हादरवण्यात जातात आणि किती रुपये एखाद्या विद्यार्थ्याच्या परीक्षा शुल्कात? आधुनिक वस्तू आहे म्हणून तिला तपासणीतून सूट नाही. तसेच त्या वृद्ध गायकाच्या बाडालाही जुने आहे म्हणून आपोआप मान नाही. त्यात काय लिहिले होते ते पाहायला हवे होते. पण आता ते पाहता येणार नाही, दुःख याचेच आहे. वही तपासून बाद करणे वेगळे आणि न उघडता रद्दीत देणे वेगळे.

वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मले आणि २००४ साली गेले. त्यांची गाणी छापली गेली, गायली गेली, त्यांच्यावर संशोधन झाले. पण प्रत्येक तालुक्यात असे दहा-पाच गायक होते ज्यांची नावे कुठल्याच ग्रंथात नाहीत. मिल सुटल्यावर पेटी काखेला मारून, सायकलवर ढोलकी बांधून ते वस्तीवस्तीत गेले. मानधन म्हणजे चहा आणि परतीची वाट. त्यांच्या बाडांत आपला न लिहिलेला इतिहास आहे. कोणत्या सालात कोणत्या गावाने गावकी सोडली, कुठे विहीर खुली झाली, कुठे बहिष्कार पडला, हे सरकारी दप्तरात सापडेलच असे नाही. गाण्यात मात्र ते सापडते.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुला-मुलींनी सुट्टीत माधवनगर, बुधगाव, कवलापूर परिसरातील जुन्या गायकांच्या घरी जावे, त्यांची बाडे मोबाईलवर पानोपान टिपावीत आणि त्यांच्या चाली त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित कराव्यात. ज्या यंत्रावर दिवसभर बोट फिरते त्याचा याहून चांगला उपयोग नाही. मुलींनी विशेष करून आजींकडे जावे, कारण भीमाच्या ओव्या लिहिलेल्या नाहीत, त्या तोंडातच आहेत. दुसरी, जयंतीच्या वर्गणीतील एक ठरावीक हिस्सा एका सायंकाळच्या जलशासाठी राखून ठेवावा आणि तो जलसा तरुणांनी आजच्या विषयांवर रचावा. व्यसन, कर्ज, हुंडा, परीक्षेची भीती, आपल्यातच उरलेली पोटजात, विषयांना तोटा नाही. तिसरी सूचना काहींना रुचणार नाही, तरी सांगतो. हलगी शिकायची इच्छा असणाऱ्या मुलाला अडवू नये. ती कुणाच्या दारात, कुणाच्या हुकमाने वाजवायची नाही हे आपल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले, ते कायम राहील. पण आपल्या विहारापुढे, आपल्या मर्जीने, आपल्या गाण्याला ती वाजली तर त्यात कमीपणा कसला? आणि ज्या मातंग बांधवांनी ती कला आजवर जपली त्यांच्याकडे शिष्य म्हणून जावे लागेल. तसे झाले तर एका ठेक्याबरोबर दोन वस्त्यांतले अंतरही कमी होईल.

परंपरा जपा असे सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि आधुनिक व्हा असे सांगणारेही भेटतील. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, परंपरेने आले आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासून हितकारक असेल ते स्वीकारा. आम्ही त्यात कारकुनाच्या भाषेत एवढीच भर घालतो की, तपासायचे तर आधी वही जवळ असली पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत ती गोळा करायला कोण कोण येणार, त्यांनी सभा संपल्यावर ग्रंथपालांकडे आपले नाव आणि गाव लिहून द्यावे.

 जय भीम. नमो बुद्धाय.